धूर न मानणारा वस्ताद

दौलू वस्ताद गेला आणि दुसऱ्या दिवशी हुपरीच्या चौकात त्याचा फ्लेक्स लागला. पांढरी टोपी, कपाळाला गंध, तोंडावर ते हसू. खाली लिहिलं होतं, 'अल्पशा आजाराने दुःखद निधन'. मी फ्लेक्सखाली उभा राहून ते सावकाश वाचलं. मला वाचायला वेळ लागतो, चौथीत शाळा सुटली माझी. पण वाचलेलं मी विसरत नाही. अल्पशा म्हणे! शेवटी शेवटी तो माणूस आडवा होऊ शकत नव्हता. भिंतीला टेकून बसल्या बसल्या डुलक्या काढायचा. शर्टाचं बटण लावलं तरी धाप लागायची.

मग मंडळाची पोरं घरी आली. वस्तादावर पुस्तिका काढायची आहे, तुम्ही त्यांच्या हाताखालचे सगळ्यात जुने, चार ओळी द्या म्हणाली. जाता जाता एक जण म्हणाला, "चांगलं चांगलं लिवा बरं का काका."

लिहितो. छापायचं का चुलीत घालायचं ते त्यांनी बघावं. जिवंत होता तोवर मी त्याला अहोजाहो केलं. आता करणार नाही.

आधी त्याचं जे त्याला द्यायचं ते देतो, नाहीतर माझा राग खोटा ठरेल. त्याच्यासारखा हात परत होणे नाही. आमच्या गावात घरोघरी चांदीचं काम, पैंजण करायचे. पण वस्तादाचा पैंजण घेतला आणि जोड कुठं आहे बघायला गेला तर डोळे दुखतील, जोड सापडणार नाही. काम झालं की पैंजण तो आपल्या गालावरून फिरवायचा, दाढी केलेल्या गालावरून, सावकाश. कुठं जरा खरखरलं की परत टाकायचा. म्हणायचा, "बारक्या लेकराच्या पायात जानार हाय ह्ये. टोचलं तर त्याची आई कुनाला शिव्या दील?"

आणि माणूस जोडायचा. कारागिराच्या घरात बाळंतपण असू दे, मयत असू दे, पहिला वस्ताद दारात. कुणाची आई कोल्हापूरच्या सीपीआर दवाखान्यात असली तर हा बाहेरच्या बाकड्यावर दिवसभर बसणार, घरून डबा मागवणार. सगळ्यांच्या पोरीबाळींची नावं त्याला पाठ. कुणी कशाला घाबरलं की पाठीवर हात ठेवून एकच बोलणं, "मी हाय न्हवं?" गावानं त्याचं ऐकलं ते काय फुकट ऐकलं नाही. हे शिकल्या-सवरल्यांना कळत नाही. त्यांना वाटतं लोक अडाणी म्हणून शास्त्र मानत नाहीत. मी अडाणी आहे, मला विचारा. माणूस गोष्ट बघत नाही. गोष्ट कोण सांगतोय ते बघतो, आणि आपल्या आईच्या मयताला कोण आलं होतं ते आठवतो.

आता कामाचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. पैंजणाच्या कड्या ज्योतीनं झाळून जोडतात. जोडायला जो धातू लावतात तो डाख. त्या डाखात कॅडमियम नावाचा दुसरा एक धातू घालतात. तो घातला की थोड्या आचेवर डाख पटकन वितळून पळतो, काम उरकतं. पण ज्योत लागली की त्याचा धूर होतो. पिवळसर, पातळ, डोळ्यांना फारसा झोंबत नाही असा. खोली एवढीएवढीशी. खिडकी बंद, कारण वाऱ्यानं ज्योत हलते. पंखा बंद, कारण चांदीचा कीस उडतो. त्या खोलीत माणसं मांडीला मांडी लावून झाळत बसायची. मी आटणीला होतो, म्हणजे चांदी वितळवायला, मागच्या अंगणात, उघड्यावर. माझा धाकटा भाऊ सदा आत झाळायला. तेवढ्यानं मी आज लिहितोय आणि तो नाही.

नवा माणूस झाळायला बसला की काही दिवसांत एका संध्याकाळी त्याला हुडहुडी भरायची. छाती आवळून यायची, तोंडात गोडसर चव, अंगात ताप. दुसऱ्या दिवशी उतरायचा. ह्याला वस्ताद म्हणायचा, 'चांदी लागली'. आणि ज्याला लागली त्याचा मान व्हायचा! सकाळी भट्टीपुढं त्याच्या हातानं नारळ फोडायचा, गुळाच्या ढेपेतला पहिला खडा वस्ताद स्वतः त्याच्या तोंडात घालायचा, त्याच्या आईला बोलावून ओटी भरायची. म्हणायचा, "आक्का, चांदीनं तुमच्या लेकाला आपलं म्हटलं. आता त्यो कारागीर." पुढं रोज काम केलं की ताप यायचा नाही. सुट्टीनंतर कामावर बसलं की परत जरा कणकण. मग वस्ताद हसायचा, "बघा, रुसली हुती चांदी." आमची आई तर सदाला ताप आला तेव्हा गल्लीभर गूळ वाटत फिरली. दवाखान्यात ज्याला विषबाधा म्हणतात, त्याचा आमच्यात नारळ फुटायचा.

खोकला लागला तर त्यावरही गूळच. गूळ खाल्ला की धूर गुळाला चिकटून पोटात जातो आणि बाहेर पडतो, हे वस्तादाचं शास्त्र. धूर जातो छातीत, गूळ जातो पोटात, दोघांची गाठ कुठं पडायची? पण हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. गूळ हातावर ठेवणारा माणूस समोर बसलेला असायचा ना.

मग सुजाता डॉक्टरीण आली. आमच्याच गावची, बौद्धवाड्यातली पोर. बाप एसटीत कंडक्टर. शिकून सरकारी दवाखान्यात लागली आणि मुद्दाम मागून गावाकडं आली. तिनं कारागिरांना देवळाच्या हॉलमध्ये बोलावलं, पडद्यावर चित्रं दाखवली. साध्या भाषेत बोलली, कुणाला कमी लेखलं नाही. हा धूर फुप्पुसात जातो आणि तिथलं मांस खातो, मूत्रपिंडात साठतो, वर्षानुवर्षं निघत नाही. बिनकॅडमियमचा डाख मिळतो तो वापरा, धूर ओढून बाहेर टाकणारा पंखा बसवा, तोवर चांगला मास्क लावा. ताप येतो तो मान नव्हे, ती सूचना आहे, म्हणाली. पुढं बसलेल्या एकानं विचारलंसुद्धा, "बाई, त्यो दुसरा डाख कुटं गावतो?" माणसं वळायला लागली होती, मी डोळ्यांनी बघितलं.

तेवढ्यात वस्ताद उठला. हात जोडले.

"बाळ, लई छान बोललीस. मन भरून आलं. कुनाची गं तू?"

तिनं बापाचं नाव सांगितलं, गल्ली सांगितली.

"हां," वस्ताद म्हणाला. मग जरा थांबला. "हां हां. त्येंची व्हय."

आणि खाली बसला. बस्स, एवढंच. एक वाईट शब्द नाही, आवाज वर नाही. पण हॉलमधली हवा फिरली. मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. पुढच्या माणसानं ताठ केलेली पाठ सैल सोडली. ती पोर बोलत राहिली, नीट, शेवटपर्यंत. ऐकत कुणी नव्हतं. बाहेर आल्यावर वस्ताद चपला घालता घालता म्हणाला, "शिकू द्या की पोरीला. पन त्या चित्रातलं फुप्पुस कुनाचं, कुटलं, आपल्याला काय म्हाईत? जलम गेला माझा धुरात. मी हाय न्हवं जिता?"

हेच त्याचं प्रमाणपत्र. तो जिवंत होता. जे मेले ते बोलायला येणार नव्हते. आणि हे पण सांगतो, वस्ताद कधीच दिवसभर झाळत बसायचा नाही. नाजूक जोड तेवढे त्याचे. बाकी वेळ तो बाहेर ओसरीवर, गिऱ्हाईक, चहा, पान. ते कुणी मोजलं नाही.

सगळ्यांत एकटा आमचा सदा त्या डॉक्टरणीच्या मागं गेला. तिनं त्याला मास्क दिला, तोंडावर दोन डबे असलेला, चांगला. तो लावून सदा कामावर बसला. मला वाटलं वस्ताद चिडणार. चिडला नाही. त्यानं फक्त सदाला नावानं हाक मारायचं सोडलं.

"या पावणं," म्हणाला. "बसा पावणं. च्या घ्यानार का पावणं?"

आमच्याकडं अनोळखी माणसाला पावणं म्हणतात. सदा त्याच्या मांडीवर शिकलेला. ह्याच्या घरच्या देव्हाऱ्यात सदानं केलेली चांदीची समई. दुसऱ्या दिवसापासून सगळी खोली त्याला पावणं म्हणायला लागली. हसून, प्रेमानं. "पावणं, जरा चिमटा द्या." "पावणं, कुटल्या गावचं म्हणायचं तुमी?" सदा घरी येऊन जेवायचा नाही. मी म्हणालो, "म्हणू दे की रं, तुझं काय जातंय?"

तो म्हणाला, "दादा, शिव्या दिल्या असत्या तर मी लावून बसलो असतो."

आठवड्याभरात मास्क निघाला. त्या दिवशी वस्तादानं त्याला मिठी मारली म्हणे. "आलास न्हवं घरी सदा?" म्हणाला.

पुढं सदाचं जे व्हायचं ते झालं. आधी जिना चढवेना, मग ओसरीची पायरी. पाय सुजले. कोल्हापुरात शाहूपुरीत छातीच्या डॉक्टरांकडं नेलं, त्यांनी फोटो उजेडावर धरून मला दाखवला, म्हणाले फुप्पुसं आतून फाटून पोकळ झाली आहेत, ही भरून यायची नाहीत, काम काय करतो हा? सांगितलं. त्यांनी फोटो परत पाकिटात घातला. सदा गेला तेव्हा त्याची थोरली लग्नाची होती.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन. सगळा गाव होता. वस्ताद बोलायला उभा राहिला आणि रडला. खरं रडला, नाटक नव्हतं, तेच तर माझ्या डोक्यात जातं. म्हणाला, "सदा माझा ल्योक हुता. कामात देव मानूस. पन एका गोष्टीनं घात केला त्येचा. कितींदा मी म्हनालो, सोड बाबा, सोड. आता गेल्या मानसाचं काय काढायचं?" कुणीतरी हळूच विचारलं, कसली गोष्ट? वस्तादानं अंगठा ओठाला लावला. पिण्याची खूण.

सदा लग्नाकार्यातसुद्धा थेंब घेत नव्हता. वासानं उठून जायचा. खोलीत बसणाऱ्या सगळ्यांना हे माहीत होतं. आणि त्या सगळ्यांनी माना डोलावल्या! मी त्यांची तोंडं बघत होतो. त्या अंगठ्यानं सगळ्यांच्या छातीवरचा दगड उतरला. सदा दारूनं गेला ना, मग आपण पीत नाही, आपण वाचलो. उद्या सकाळी खोलीत जाऊन बसायला वाट मोकळी झाली. त्याच्या आधी जो गेला तो तंबाखूनं गेला होता, त्याच्या आधीचा बायकोच्या तळतळाटानं. प्रत्येक मड्याला वस्ताद एक दोष द्यायचा आणि जिवंत माणसं त्याचे उपकार मानायची.

बायकांच्यात उभी असलेली सदाची बायको शेवंता, तिनं तो अंगठा बघितला. पुढं थोरलीची सोयरीक जमत आली होती ती मोडली. मुलाकडच्यांनी निरोप धाडला, बापाचं असं होतं ते आम्हाला कुणी सांगितलं नाही.

मी वस्तादाच्या घरी गेलो. म्हणालो, "वस्ताद, शब्द मागं घ्या. चौकातल्या कट्ट्यावर, चार मानसांत."

"मी कुटं काय बोललो किस्ना?"

"मग आता बोला. सदा पीत न्हवता. येवढंच."

त्यानं पानाचा डबा बाजूला सारला. मग म्हणाला, "आनि मग कशानं गेला म्हनू?"

"धुरानं."

तो हसला नाही. उठून आत गेला. त्याचा थोरला मुलगा खोकून खोकून गेला होता, ऐन तारुण्यात. त्याला म्हणे नजर लागली होती. त्या पोराच्या हातात झाळायची पहिली फुंकणी वस्तादानं दिली होती, त्याचा नारळ वस्तादानं फोडला होता. धूर मारतो असं एकदा म्हटलं की पोराला कोणी मारलं ते पण म्हणावं लागतं. हे मला त्या दिवशी तिथं ओसरीवर कळलं. कळलं म्हणून माझा राग कमी झाला असं कुणी समजू नये. त्याला त्याच्या पोराचं मरण झाकायचं होतं, म्हणून त्यानं माझ्या भावाच्या अंगावर चिखल टाकला.

मी त्याचं काम सोडलं. आणि एक नेम धरला. दर बाजारच्या दिवशी तो कट्ट्यावर बसला की समोर जाऊन उभं राहायचं आणि सगळ्यांच्या देखत विचारायचं, "आज बोलताय काय वस्ताद?" तो म्हणायचा, "बस किस्ना, च्या घे." मी बसलो नाही, चहा घेतला नाही. ऊन असो, पाऊस असो, मी चुकवलं नाही. लोक म्हणाले किस्नाचं डोकं फिरलं. फिरू दे. वर्षं गेली. त्याच्या तोंडावरचं हसू माझ्यासाठी जरा जरा कमी होत गेलं, तेवढं व्याज मला मिळत होतं.

मग एक दिवस मी कोल्हापुरात होतो. वस्ताद गावात सांगून गेला होता, अंबाबाईच्या दर्शनाला जातो. मला तो दिसला शाहूपुरीत, त्याच छातीच्या डॉक्टरांच्या जिन्यावर. टॉवेल तोंडाला गुंडाळलेला, एका पायरीवर टेकलेला, सून दंडाला धरून. चार पायऱ्या उतरायच्या राहिल्या होत्या आणि त्याला उतरवेना. मी रस्त्याच्या पलीकडं उभा राहून सगळं बघितलं. खोटं कशाला लिहू, मला बरं वाटलं. तिथनं मी मंगळवार पेठेत मावसबहिणीकडं गेलो आणि पोटभर जेवलो. ती म्हणाली, "दादा, आज लई खूश हाय जनू?"

शेवटी त्यानंच मला बोलावून घेतलं. सून येऊन सांगून गेली, "मामंजी तुमचं नाव काढत्यात." दुपारची वेळ होती. कामाच्या खोलीला लागूनच आतली खोली, मधे दोन फळ्यांचं दार. पलीकडं ज्योतींचा फुसफुस आवाज चालू होता, कारागीर बसलेले. वस्ताद खाटेवर भिंतीला टेकून, मांडीवर गोधडी. नाकात नळी, कोपऱ्यात ऑक्सिजनचा डबा घुरघुरत होता. गाल आत गेले होते. ते गाल, ज्यांच्यावरून तो पैंजण फिरवायचा.

मला जवळ बोलावलं. एकेक शब्द उचलून ठेवावा तसा बोलला. "किस्ना. सदा... पीत न्हवता."

"मला म्हाईत हाय," मी म्हणालो. "मला कशाला सांगताय? पलीकडं मानसं बसल्यात, त्येंना सांगा."

त्यानं हात हलवला. नको.

"त्येंना काय सांगू?" म्हणाला. "सांगून... त्येंनी उद्या कुटं बसायचं?"

"त्ये त्येंचं बघतील. तुमी बोला."

"दार... नीट लाव किस्ना."

मी उठलो आणि दाराच्या दोन्ही फळ्या सताड उघडल्या.

ज्योती थांबल्या. सगळ्यांनी वळून बघितलं. वस्ताद दिसला म्हणून काही जण अर्धवट उठले. मी म्हणालो, "वस्तादांना तुमाला काय तरी सांगायचं हाय." आणि त्याच्याकडं बघितलं. मला वाटलं, आता. इतक्या वर्षांनी, आता.

त्यानं काय करावं? नाकातली नळी उपसली आणि गोधडीखाली सारली. टोपी सरळ केली. भिंतीपासून पाठ सोडवून ताठ बसला. ओठ निळे पडले होते तरी हसला.

"काय बघताय रं?" म्हणाला. आवाज कुठनं काढला देव जाणे. "वय झालं, दुसरं काय न्हाय. हात चालू द्या की."

"व्हय वस्ताद," ती माणसं म्हणाली. ज्योती पेटल्या. धूर वर चढला आणि उघड्या दारातून सरळ आमच्याकडं आला.

तेव्हा मला कळलं, तो मला कधी भीत नव्हता. तो त्या माणसांना भीत होता.

दार उघडं होतं तोवर त्याला नळी लावता येत नव्हती. हे त्याला कळत होतं, आणि मलाही कळत होतं. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग दाराकडं, मग परत माझ्याकडं. त्याच्या गळ्याची शीर उडत होती. मी एका हातानं दाराची फळी धरून उभा राहिलो. धरूनच राहिलो.

सून चहा घेऊन आली, तिनं बघितलं. "काका, दार लावा की!" म्हणाली. मी हललो नाही. तिनं कप खाली ठेवला, माझ्या हातातनं फळी ओढली आणि लोटली. मिटत्या फटीतनं मला तो दिसला तो शेवटचा. तोंडावरचं हसू अजून कारागिरांकडं होतं, आणि हात गोधडीखाली नळी चाचपत होता.